वाचकांचे प्रश्न : सार्वमत आणि लोकप्रतिनिधी

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सार्वमताविषयीची सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आपण पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि पुढची पाच वर्षे आपल्या नावाने दुसरेच निर्णय घेतात. पूर्वी लोकांना वारंवार विचारणे शक्य नव्हते, हे मान्य. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मग मोठ्या प्रश्नांवर स्वित्झर्लंडप्रमाणे थेट लोकांचेच मत का घेऊ नये? – पुणे

उत्तर : मते गोळा करणे हा थेट लोकशाहीतला सर्वांत सोपा भाग आहे. प्रश्न कोणी लिहायचा, त्याला पर्याय कोणते ठेवायचे, मतदार कोणाला मानायचे आणि उत्तर आल्यावर ते अमलात कोणी आणायचे, हा अवघड भाग. तिथे मोबाइलचा काही उपयोग होत नाही.

स्वित्झर्लंडचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, पण तिथली व्यवस्था नेमकी कशी चालते हे क्वचितच सांगितले जाते. संसदेने केलेल्या कायद्याला आव्हान देण्याचा हक्क तिथल्या नागरिकांना १८७४पासून आहे. कायदा प्रसिद्ध झाल्यापासून १०० दिवसांत ५०,००० मतदारांच्या सह्या जमल्या, तर तो मतदानाला टाकावा लागतो. राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क १८९१पासून आहे. त्यासाठी १८ महिन्यांत एक लाख सह्या लागतात, आणि दुरुस्ती मंजूर व्हायची तर देशभरातील मतांचे बहुमत व शिवाय निम्म्याहून अधिक कँटनांतले, म्हणजे तिथल्या घटकराज्यांतले, बहुमत अशी दोन्ही मिळवावी लागतात. वर्षातून साधारण चार वेळा मतदानाचे रविवार येतात आणि प्रत्येक मतदाराच्या घरी दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडणारी सरकारी पुस्तिका आधी पोहोचते. या सगळ्यात संसद निकामी होत नाही. बहुतेक कायद्यांना कोणी आव्हान देतच नाही, कारण उद्या कोणीतरी सह्या गोळा करील या धास्तीने मसुदा तयार होतानाच विरोधी पक्ष, कँटन, कामगार संघटना आणि उद्योजक यांना विचारून घेतलेले असते. थेट लोकशाहीचा खरा परिणाम तिथे मतदानाच्या दिवशी दिसतो त्यापेक्षा मसुद्याच्या मेजावर अधिक दिसतो.

लोकांना विचारले की ते आपल्या सोयीचेच मागतात, हा आक्षेपही तिथे टिकत नाही. मार्च २०१२मध्ये सर्व नोकरदारांना वर्षाला किमान सहा आठवडे पगारी रजा द्यावी असा प्रस्ताव मतदानाला आला, आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. पण याच पद्धतीची दुसरी बाजू कोणी लपवू नये. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क द्यावा का, हे १९५९मध्ये फक्त पुरुषांना विचारले गेले आणि दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटले. तो हक्क मिळायला १९७१ साल उजाडले. अपेन्झेल इनररोडन या छोट्या कँटनात उघड्या चौकात जमून हात वर करून निर्णय घेण्याची जुनी प्रथा आहे. तिथल्या पुरुषांनी कँटनच्या कारभारात स्त्रियांना मत देण्यास १९९०पर्यंत नकार दिला आणि अखेर त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तो हक्क आदेशाने द्यावा लागला. ज्यांना मतच नाही, किंवा ज्यांची संख्या थोडी आहे, त्यांच्या हक्काचा प्रश्न बहुमतापुढे ठेवला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. २००९मध्ये मशिदींच्या मिनारांवर घातलेली बंदी हे आणखी एक.

भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. ती आणण्याचा एक गंभीर प्रयत्न मात्र झाला होता आणि तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. आणीबाणीनंतर जनता सरकारने १९७८मध्ये मांडलेल्या ४५व्या घटनादुरुस्ती विधेयकात असे कलम होते की घटनेचे लोकशाही वा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, खुल्या निवडणुका किंवा न्यायालयांचे स्वातंत्र्य यांना धक्का देणारी दुरुस्ती संसदेच्या मंजुरीनंतर सार्वमतालाही टाकावी, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घेतला पाहिजे. लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेने ते वगळले, आणि उरलेले विधेयक ४४वी घटनादुरुस्ती म्हणून अस्तित्वात आले. या कलमाचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे ते एका कारणासाठी. त्यात सार्वमताचा उपयोग सत्ताधाऱ्यांना लगाम म्हणून होता. नेत्याने स्वतःच्या निर्णयावर लोकांचा शिक्का उमटवून घ्यावा यासाठी नव्हता.

प्रश्न : १९६३च्या निवडणुकीत गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या मुद्द्यावर भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) सत्तेवर आला. विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. असे असताना १९६७मध्ये पुन्हा जनमत कौल कशासाठी घेतला? निवडून दिलेल्या सभागृहावरचा तो अविश्वास नव्हता का? आमच्या घरात आजही यावर वाद होतो. – फोंडा

उत्तर : अविश्वास होताच, आणि माझ्या मते तो योग्य होता. पण आपल्या घरातल्या दोन्ही बाजूंना पुरेल एवढा मजकूर या इतिहासात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांनी पहिली निवडणूक झाली. मगोपचा मुख्य मुद्दा विलीनीकरण हाच होता, यात शंका नाही. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा मुख्य मुद्दा विरोध हा होता. मगोप जिंकला, जानेवारी १९६५मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेनेही केला. प्रातिनिधिक लोकशाहीच्या साध्या हिशेबाने विषय तिथे संपायला हवा होता. विरोधकांचे म्हणणे असे की मगोपला मिळालेले प्रत्येक मत विलीनीकरणाचे मत नाही. ज्या कुळांना आणि मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्यांना, पिढ्यानपिढ्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) मर्जीवर जगावे लागले, त्यांनी भाऊसाहेबांना मत दिले ते आपल्यातला माणूस प्रथमच सत्तेवर येत होता म्हणून. गोवा मुंबईतून चालवला जावा अशी त्यांची इच्छा असेलच असे नाही. हे म्हणणे त्या वेळी पराभूतांची पळवाट वाटले असेल. ते तपासण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तेवढा एक प्रश्न वेगळा काढून विचारणे.

संसदेने १९६६मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सत्तेवर असलेले सरकार कौलावर दबाव आणील ही तक्रार होती, म्हणून डिसेंबर १९६६मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि केंद्राच्या देखरेखीखाली मतदान झाले. विलीनीकरण हवे असलेल्यांसाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित राहावे असे वाटणाऱ्यांसाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. दोनच महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली; तिच्यात पुन्हा मगोप जिंकला आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

जवळजवळ त्याच मतदारांनी अडीच महिन्यांत दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. अनेक जण म्हणतात की गोव्याचा मतदार गोंधळलेला होता. मला तो अत्यंत स्पष्ट वाटतो. आमचा कारभार कोणी करावा, याचे उत्तर त्याने दिले : भाऊसाहेबांनी. तो कुठून करावा, याचेही दिले : पणजीतून. निवडणुकीत हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेले होते आणि मतदाराला गाठोडे सोडण्याची सोय नव्हती. विलीनीकरणविरोधी प्रचाराने हे नेमके ओळखले होते. गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा होऊन बसेल, नोकऱ्या बाहेरचे नेतील, महाराष्ट्रातली दारूबंदी इथे लागू झाली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने काय करायचे, हे मुद्दे भाषेच्या आणि धर्माच्या रेषा ओलांडून गेले. तो प्रचार करणारे ‘राष्ट्रमत’ हे मडगावचे दैनिक मराठीत निघत होते, हेही लक्षात असू द्यावे. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी हे समीकरण तेव्हाही खरे नव्हते.

आता आपल्या घरातल्या दुसऱ्या बाजूसाठी. हा कौल निर्दोष नव्हता. पर्याय दोनच होते. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, आणि दोन पानांना मत देणाऱ्या अनेकांना अखेर तेच हवे होते. ते ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी मिळाले. मुंबईत आणि इतरत्र स्थायिक झालेल्या गोवेकरांना मत द्यावे ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. ती मान्य झाली असती तर फरक कदाचित वाढला असता, पण मग गोवेकर कोणाला म्हणायचे यावर दुसरा वाद उभा राहिला असता. तरीही हा कौल टिकला, याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. दोन्ही पर्याय तयार होते. उद्या सकाळी फूल जिंकले असते तर काय होणार हे सर्वांना ठाऊक होते, दोन पाने जिंकली तर काय होणार हेही ठाऊक होते. निकालाचा अर्थ लावायला कोणी उरले नाही.

प्रश्न : मी २००९पासून लंडनमध्ये राहतो आणि २०१६च्या मतदानात ब्रिटनने युरोपीय संघात ‘राहावे’ या बाजूने मत दिले होते. ब्रेक्झिटनंतर जे घडले ते पाहून माझी खात्री झाली आहे की गुंतागुंतीचे विषय सामान्य लोकांपुढे ठेवूच नयेत. संसद त्यासाठीच असते. आपले मत काय? – लंडन

उत्तर : आपण मत देऊ शकलात, यातच एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना त्या मतदानात भाग घेता येत होता, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यालाही मत होते. तिथेच वीस वर्षे राहिलेल्या, पण ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेल्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला, ज्याचे आयुष्य या निकालाने उलटेपालटे होणार होते, त्याला नव्हते.

आपल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडावे असे सांगितले. त्यानंतरची साडेतीन वर्षे जी ओढाताण झाली, तिचा दोष मी मतदारांच्या अज्ञानाला देणार नाही. ‘राहावे’ म्हणजे काय ते माहीत होते. ‘बाहेर पडावे’ म्हणजे काय, हे मात्र कोणीही लिहून ठेवले नव्हते : सीमाशुल्क संघात राहून बाहेर, एकल बाजारपेठेत राहून बाहेर, की सगळेच तोडून बाहेर? आयर्लंडच्या बेटावरील सीमेचे काय? हे प्रश्न मतदानानंतर संसदेपुढे आले. तिथल्या बहुसंख्य खासदारांना बाहेर पडणेच मान्य नव्हते आणि लोकांचा निर्णय मोडण्याचे धैर्यही नव्हते. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार जानेवारी २०१९मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, पुढे आणखी दोनदा फेटाळला गेला. मार्चमध्ये खासदारांपुढे आठ वेगवेगळे पर्याय ठेवले, तर एकालाही बहुमत मिळाले नाही. लोकांनी एका अस्तित्वात नसलेल्या आराखड्याला होकार दिला होता आणि त्यात आपापला आराखडा प्रत्येकाने भरला.

आयर्लंडमध्ये प्रत्येक घटनादुरुस्ती सार्वमतानेच करावी लागते. गर्भपाताचा प्रश्न आपल्या ब्रेक्झिटपेक्षा कमी नाजूक नव्हता. तिथे २०१६मध्ये ९९ सामान्य नागरिकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून सभा भरवली. त्यांनी कित्येक शनिवार-रविवार डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या चळवळींचे म्हणणे ऐकले आणि शिफारस केली. त्यावर संसदेच्या समितीने विचार केला. मतदानाआधी सरकारने होकार मिळाल्यास कोणता कायदा आणणार याची रूपरेषा प्रसिद्ध केली. मे २०१८मध्ये ६६.४ टक्के लोकांनी होकार दिला आणि त्याच वर्षी कायदा झाला. विषय गुंतागुंतीचाच होता. फरक पडला तो मतदानाआधी केलेल्या कामाने.

संसद त्यासाठीच असते, हे आपले म्हणणे ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी १७७४मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते. प्रतिनिधी आपल्याला केवळ श्रम नव्हे, आपला विवेकही देणे लागतो, आणि तो मतदारांच्या मतापुढे बळी दिला तर ती सेवा ठरत नाही, असा त्यांचा आशय होता. युक्तिवाद आजही भक्कम आहे. सहा वर्षांनी ब्रिस्टलचे मतदार ऐकणार नाहीत हे दिसल्यावर बर्क यांना तिथून माघार घ्यावी लागली, हा त्याच गोष्टीचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही.

प्रश्न : गोव्याला एक न्याय आणि आम्हाला दुसरा का? सीमाभागातही जनमत कौल घेतला तर साठ-पासष्ट वर्षांचा प्रश्न एका दिवसात सुटेल. – बेळगाव

उत्तर : आपल्या पत्रातली तळमळ समजते, पण ‘एका दिवसात’ हे शब्द मला मान्य करता येत नाहीत.

गोवा हा केंद्रशासित प्रदेश होता आणि कौलाचा कायदा करायला संसदेला कोणत्याही राज्याची समजूत घालावी लागली नाही. दोन घटकराज्यांच्या सीमेचे तसे नाही. राज्यघटनेच्या ३ऱ्या अनुच्छेदानुसार सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने २०१४च्या जानेवारीत विभाजनाचे विधेयक फेटाळले आणि तरीही पुढच्याच महिन्यात संसदेने तेलंगण निर्मितीचे विधेयक मंजूर केले. लोकांना विचारण्याची पायरी या अनुच्छेदात नाही. संयुक्त महाराष्ट्रही सार्वमताने मिळालेला नाही; तो आंदोलनाने, हुतात्म्यांच्या रक्ताने आणि १९५७च्या निवडणुकीत समितीने दिलेल्या तडाख्याने मिळाला.

खरी अडचण त्यापुढची आहे. महाराष्ट्राची भूमिका खेडे घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर उभी आहे. यांतल्या लोकेच्छेसाठी मतदान घ्यायचे ठरले तरी घटक कोणता, हे आधी ठरवावे लागते, आणि घटक ठरवला की निकालही बराचसा ठरतो. जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधल्या श्लेस्विगमध्ये १९२० साली सार्वमत झाले. उत्तर विभागाची मते एकत्र मोजायची असे ठरले होते; तिथे सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली आणि संपूर्ण विभाग डेन्मार्कला गेला. टोंडर आणि आबेनरा या शहरांत जर्मनीच्या बाजूने बहुमत होते, तीही गेली. मोजणी शहरवार झाली असती तर नकाशा वेगळा दिसला असता. बेळगाव शहर आणि तालुक्यातली खेडी यांच्याबाबत हाच वाद होईल. शिवाय मतदार कोणाला मानायचे? १९५६मध्ये राज्य पुनर्रचना झाली तेव्हा तिथे राहणाऱ्यांच्या वारसांना की आज मतदार यादीत असणाऱ्यांना? सत्तर वर्षांत शहराची वस्ती बदलली आहे, आणि ती बदलली हीच तर आपली एक तक्रार आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकेच्छेचा पुरावा म्हणून दशकानुदशके निवडून आलेले महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार दाखवले जात, आणि गोव्याचा अनुभव सांगतो की निवडणुकीतल्या मतावरून एका प्रश्नाचे उत्तर काढणे धोक्याचे असते. तो धोका समितीचे आमदार पडतात तेव्हाही तेवढाच खरा असतो.

प्रश्न : सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, हे दर सरकारागणिक का बदलते? यात लोकशाहीला अधिक जवळचे काय? – नाशिक जिल्हा

उत्तर : २०१७मध्ये थेट निवड आली, २०२०मध्ये गेली, २०२२मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी तात्त्विक कारणे दिली गेली, आणि प्रत्येक वेळी कोणत्या पद्धतीत आपल्या पक्षाला जास्त गावे मिळतील याचा हिशेब त्यामागे होता, असे मी म्हटले तर आपण फार रागावणार नाही. थेट निवडलेल्या सरपंचामागे गावाचा कौल असतो, पण सदस्य दुसऱ्या गटाचे असले की एकही ठराव पुढे सरकत नाही. एक तरतूद मात्र चांगली आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास मंजूर केला तरी त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावे लागते. ज्यांनी बसवले त्यांनाच उठवण्याचा अधिकार राहतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान झाले. मतदान केलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. तरीही दुकान चालूच आहे, कारण पुरेशी मते पडली नाहीत असे सांगतात. ज्या बाजूला जास्त मते ती जिंकली, एवढी साधी गोष्ट इथे का लागू नाही? – बीड जिल्हा

उत्तर : सार्वमताचा सर्वांत जिवंत प्रकार महाराष्ट्रात कुठला असेल तर हाच, आणि त्याची दखल राज्यशास्त्राची पुस्तके घेत नाहीत. नियम असा आहे की गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. दुकान बंद व्हायचे तर आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. म्हणजे हजार बायकांच्या यादीत सहाशे जणींनी मत दिले आणि त्यांतल्या साडेचारशे जणींनी दुकान नको म्हटले, तरी दुकान राहते. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

अशी अट फक्त आपल्याकडे आहे असे नाही. १९७९मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, यावर मतदान झाले, ५१.६ टक्के मते होकाराची पडली, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के होकार हवा अशी अट होती आणि होकार जेमतेम ३३ टक्क्यांपर्यंत पोहोचला. प्रस्ताव बारगळला. १९९७मध्ये पुन्हा विचारले तेव्हा ती अट नव्हती आणि ७४ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. अशा अटीमागचा विचार समजण्यासारखा आहे : थोड्याशा उत्साही लोकांनी सर्वांवर निर्णय लादू नये. पण ज्या बाजूला काहीच बदलू नये असे वाटते, तिला या अटीमुळे प्रचार करण्याचीही गरज उरत नाही. मतदानाच्या दिवशी बायका घराबाहेर पडणार नाहीत एवढे पाहिले की पुरते. इटलीत कायदा रद्द करणाऱ्या सार्वमतासाठी निम्म्या मतदारांनी मतदान करण्याची अट आहे, आणि २००५मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावरील मतदानात विरोधकांनी उघडपणे ‘घरीच बसा’ असा प्रचार केला व तो यशस्वी झाला.

दुकानाला परवाना देताना गावातल्या निम्म्या स्त्रियांची संमती घ्यावी लागत नाही, मग बंद करताना एवढी कडक अट का, हा आपला न उच्चारलेला प्रश्न मला रास्त वाटतो. झालेल्या मतदानात बहुमत आणि त्याबरोबर एकूण महिला मतदारांच्या निदान एक तृतीयांश मते, अशी अट असती तर दोन्ही बाजूंना बाहेर पडावे लागले असते. जिल्ह्याची दारूबंदी तर मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने होते आणि जाते : चंद्रपूरला ती २०१५मध्ये लागू झाली आणि २०२१मध्ये उठवली गेली, दोन्ही वेळा मतदान झाले नाही.

अट बदलेपर्यंत आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात मतदान झाले तर त्या साऱ्या बायका आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतात. म्हणून मागणीचा अर्ज अशा वेळी द्यावा की सह्यांच्या पडताळणीचा काळ धरूनही मतदान टोळ्या परतल्यानंतर पडेल. दुसरे असे की, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आणि निधन पावलेल्या स्त्रियांची नावे यादीत तशीच राहिली असतील तर निम्म्याचा आकडा विनाकारण फुगतो. सह्या गोळा करण्याच्या कित्येक महिने आधी गल्लीनिहाय यादी वाचून घ्यावी, आणि अशी नावे वगळण्यासाठी नमुना ७चे अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देऊन त्यांची पोच घ्यावी.